कुंडलिकेकाठी सायकल: सकाळी मतलई, परतताना खारा वारा

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या काठाने, रोह्याहून चणेऱ्यामार्गे साळाव आणि पूल ओलांडून रेवदंडा, असा जाताना 30-35 किलोमीटरचा बेत असेल तर आधी वाऱ्याचा हिशेब करा, चढाचा नंतर. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो पाठीवर घ्यायचा. दहा-अकरानंतर समुद्राकडून जमिनीकडे येणारा खारा वारा सुरू झाला की त्याच्या जोरावर परत फिरायचं. उशिरा निघालात तर साळावपर्यंत तोंडावर वारा आणि डोक्यावर ऊन. मी एकदा ही हौस केली आहे, पुन्हा नाही.

कोलाडहून सुरुवात करणाऱ्यांनी धाटावजवळ सांभाळावं, एमआयडीसीमुळे तिथे ट्रक फार. रोह्यापर्यंत पॅसेंजरने सायकल आणणं जमत असेल तर तो भाग टाळलेलाच बरा.

भातकापणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आसपास, गावांजवळ रस्त्यावरच पेंढा पसरलेला दिसतो. त्यावरून सायकल दामटू नका. काड्या मागच्या दातेरी चक्रांत आणि गिअरच्या छोट्या चाकांत गुंडाळल्या जातात, आणि मग चिमट्याने एकेक उपसत बसावं लागतं. उतरून दहा पावलं चालत जा. जांभ्याची लाल खडी वळणाच्या कडेला साठते, तिथे ब्रेक वळणाआधीच दाबायचा.

पावसाळ्यात झाडांखालच्या रस्त्यावर शेवाळ धरतं. तेव्हा टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी. पाण्याच्या एका बाटलीत कोकम आगळ आणि चिमूटभर मीठ घाला.