बेटावर वादळ येऊन गेल्यावर मदत गोळा करताय? या चुका टाळा

28 सप्टेंबर 2022 ला इयान वादळ फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर धडकलं आणि सॅनिबेल बेटाला जोडणारा रस्ता समुद्राने ठिकठिकाणी तोडला. रहिवाशांना स्वतःच्या गाडीने घरी जायला 19 ऑक्टोबर उजाडला. आम्ही आसपासची मराठी मंडळी मात्र दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो आणि पहिली चूक केली. कपडे मागवले.

खोकी उघडली तर आत लोकरीचे स्वेटर, जोडी नसलेले बूट. दमट हवेत पुठ्ठ्याला बुरशी धरू लागलेली. निवडानिवडीत चौघांचा अख्खा शनिवार गेला. बेटावरच्या लोकांना हवे होते जाड हातमोजे, ताडपत्र्या, कचऱ्याच्या भक्कम पिशव्या. आधी विचारा, मग मागवा. शक्यतो पैसेच घ्या, आणि तेही कुणाच्या खाजगी खात्यात नाही.

आवाहनात काय लिहिता याकडे फार लक्ष द्या. एखाद्या कुटुंबासाठी 'घरदुरुस्तीसाठी मदत' असं आपण सहज लिहून जातो. पण फेमा, म्हणजे इथली केंद्रीय आपत्ती संस्था, एकाच खर्चाला दोनदा पैसे देत नाही. दुरुस्तीच्या नावाने जमलेली रक्कम त्या कुटुंबाच्या सरकारी मदतीच्या आड येऊ शकते. म्हणून त्यांनी कुठे अर्ज केलाय, विम्यातून काय मिळणार आहे, हे विचारून मगच शब्द ठरवा. आणि पावत्या जपा.

श्रमदानाची नोंद न ठेवणं ही चूक तर सगळेच करतात. फेमाच्या मदतीने होणाऱ्या सार्वजनिक कामांच्या खर्चातला काही वाटा स्थानिक प्रशासनाला उचलावा लागतो, आणि पात्र कामांवर दिलेले स्वयंसेवकांचे तास त्या वाट्यात धरता येतात. नाव, तारीख, जागा, काम, किती ते किती. एक साधी वही पुरते. ती नसेल तर तुमचा घाम गावाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

सगळ्यात महाग पडते ती घाई. आत शिरलेलं पाणी पाहून हात शिवशिवतात, भिंतींचे ओले जिप्समचे तक्ते उपटावेसे वाटतात. बुरशी एक-दोन दिवसांतच धरते, त्यामुळे ते काढायचेच आहेत; पण आधी फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मोजपट्टी लावून, आकडा वाचता येईल असा. विमेवाला आला की तोच पुरावा. नवीन भिंती मात्र परवान्याशिवाय उभारू नका. पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च जमीन सोडून नुसत्या इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर घर आजच्या नियमांत बसवावं लागतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ ते उचलून उंच करणं. तसं झालं तर वर्गणीतून केलेली भिंत पुन्हा पाडायची वेळ येते.

आणि सगळा पैसा पहिल्या महिन्यात संपवू नका. तेव्हा देणारे पुष्कळ असतात. आमच्या खात्यातली शेवटची रक्कम दीड वर्षाने खर्च झाली: खांबांवर चढवलेल्या एका घराच्या जिन्याच्या लाकडाला. घर तयार होतं, पण आजींना वर चढायला पायऱ्या नव्हत्या.