जमिनीत जुनी गंजलेली बंदूक सापडली? या चुका टाळा

वैशाखात आमच्या वाडीवर हापूसच्या कलमांसाठी खड्डे मारणं चालू होतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. चौथ्या खड्ड्यात टिकाव खणकन वाजला. जांभ्यावर टिकाव बसला की बद्द आवाज येतो, हा लोखंडाचा होता. कुजलेल्या गोणपाटाचा पदर दिसला आणि त्यातून पोपडे धरलेली एक नळी वर आली. गड्याने ती ओढून काढली. माझ्या चुलतभावाने ती हातात घेऊन माती झडावी म्हणून चिऱ्यावर दोनदा आपटली.

"अरे, आपटू नको!" मी ओरडलो.

"दादा, पार कामातून गेलीय ती. तिच्यात काय राहिलंय आता?"

नळीचं तोंड खड्ड्याच्या काठावर बसून बघणाऱ्या गड्याच्या धाकट्या पोराकडे होतं. पुढे जाणकाराने बंदूक तपासली, तेव्हा नळीत बार भरलेला निघाला. दारू, वर चिंध्यांचा बोळा, त्यावर छर्रे. ते पोर आजही समोर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

गंजलेली म्हणजे रिकामी, हा समज

सगळ्या चुका या एका समजातून होतात. आपल्याकडे जमिनीत सापडणाऱ्या जुन्या बंदुकांत ठासणीच्या बंदुका असतात. डुकरं, वानरं शेतात शिरू नयेत म्हणून कोकणात त्या घरोघरी असायच्या. काडतुसाची बंदूक मधोमध दुमडून उघडली की काडतूस काढून घेता येतं. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरलेली असते. ती काढायची तर बार उडवायचा, नाहीतर गजाला स्क्रू लावून बोळा उपसायचा. रात्री राखणीला गेलेल्या माणसाला जनावर दिसलंच नाही तर तो भरलेली बंदूक तशीच घरी आणून खुंटीला लावायचा. अशी बंदूक कुणी घाईघाईत पुरली, तर ती भरलेलीच पुरली जाते.

"पण इतक्या वर्षांत दारू सादळली असेल ना?" हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास सोरा असतो आणि तो पाण्यात विरघळतो. नळीतून पाणी वाहत राहिलं तर सोरा धुऊन जातो, हे खरं. पण पुढे बोळा आणि मातीचं बूच, मागे कान (दारूला ठिणगी पोचवणारं बारीक भोक) गंजाने बुजलेला, अशी नळी दोन्हीकडून बंद झाली तर आतली दारू जागेवरच राहते. ओली असेपर्यंत ती गप्प असते. वाळली की पुन्हा ठिणगी धरू शकते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८ व्या शतकातली एक ब्रिटिश तोफ होती. जानेवारी २०१३ मध्ये ती साफ करायला घेतली, तर आत तोफगोळा, बोळा आणि आठशे ग्रॅमहून जास्त दारू निघाली. तीही पेट घेईल अशा अवस्थेत. लोक वर्षानुवर्षं त्या तोफेजवळून जात होते.

म्हणून बंदूक दिसली की हात मागे घ्या. ओढू नका, आपटू नका, चाप किंवा घोडा हलतो का ते बघू नका. नळीत डोळा घालून तर अजिबात बघू नका. जाणकार माणूस बाजूला उभा राहून नळीत लाकडी काठी सोडतो, ती कुठवर जाते त्याची खूण करतो आणि बाहेरून नळीच्या लांबीशी ताडून बघतो. काठी चार बोटं आधीच अडली तर आत काहीतरी आहे, बार किंवा माती. हे कसं करतात ते कळावं म्हणून सांगितलं. घरी करून बघण्यासाठी नाही.

वाळवणं, घासणं, तापवणं

वर म्हटलं तसं, वाळली की दारू जिवंत होऊ शकते. तरीही घरी आणलेली बंदूक लोक पहिल्यांदा अंगणात उन्हात ठेवतात. मग तारेचा ब्रश, मग ग्राइंडर. ग्राइंडरच्या ठिणग्या कानाच्या भोकाशी उडाल्या तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. सगळ्यात वाईट म्हणजे नळी लोहाराच्या भट्टीत घालणं किंवा भंगारवाल्याकडे गॅस कटरखाली देणं. भरलेली नळी तापली की चाप ओढायची गरजच उरत नाही. नळी वितळवून कुऱ्हाड करू म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे हात धरा.

घासण्याने दुसरंही नुकसान होतं. बंदुकीवर नंबर असतो, कारखान्याच्या खुणा असतात. ती कुणाच्या नावावर होती, चोरीला गेली होती का, एखाद्या गुन्ह्यात वापरली होती का, हे त्यावरूनच कळतं. ॲसिड ओतून तुम्ही ते पुसलंत, तर उद्या ते मुद्दाम पुसलं असं कुणी म्हटल्यावर उत्तर काय देणार?

आपल्या जमिनीत सापडली म्हणजे आपली

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो, मग ती विकत घेतलेली असो की खड्ड्यात सापडलेली. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे.

घाबरण्याचं मात्र कारण नाही, आणि हे नीट समजून घ्या. ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं आहे. बंदूक तुमच्या जमिनीत पन्नास वर्षं होती आणि तुम्हाला पत्ता नव्हता, तर तो तुमचा दोष नाही. टिकाव खणकन वाजला तिथून पुढे मात्र तुम्हाला माहीत आहे. ती तुम्ही माळ्यावर टाकलीत किंवा "नको ती कटकट" म्हणून पुन्हा पुरलीत, तर न केलेला गुन्हा स्वतःहून अंगावर घेतलात. आमच्याकडेही एका काकांनी परत पुरून टाकायचाच सल्ला दिला होता.

"इतकी जुनी आहे, तिला कसला परवाना?" याला आधार आहे, पण अर्धाच. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घाटणीच्या, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे. अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालता कामा नये. "दुरुस्त करूनही" हे शब्द लक्षात ठेवा. दस्ता कुजला, घोडा आवळला, पण नळी शाबूत असेल तर ती दुरुस्त होईल की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. ते शस्त्रतज्ज्ञाचं काम. ठासणीची बंदूकही परवान्याबाहेर नाही. पीकराखणीसाठी तिचा परवाना कसा द्यायचा याचा उल्लेख कलम १३ मध्येच आहे.

बंदुकीसोबत नाणी किंवा दागिने निघाले तर आणखी एक कायदा लागतो, १८७८ चा निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) अधिनियम. दहा रुपयांवरच्या धनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. योगायोग असा की इंग्रजांनी हिंदुस्थानात शस्त्रबंदीचा कडक कायदा आणला तोही १८७८ सालीच.

काडतुसं सापडली तर

जुन्या काडतुसाची नळी कागदाची असते, ती मातीत विरते. उरतं ते हिरवं पडलेलं पितळी बूड आणि छर्‍यांचा गोळा. बुडाच्या मधोमध टोपी असते आणि ठोक्याने पेटते ती तीच. बुडावर "केएफ" अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातलं, हे बघायला मोह होतो. पण खिशात घालू नका, नखाने खरवडू नका, पोरांच्या हाती देऊ नका.

चूक आधीच झाली असेल तर

नळीचं तोंड माणसं नसतील अशा बाजूला, मोकळ्या मातीकडे राहील असं बघा आणि सगळ्यांना बाजूला घ्या. घरात आणली असेल तर पुन्हा हलवू नका; ती खोली बंद करा, चूल आणि देवापुढची समई तिथून दूर ठेवा. धुतली असेल तर तशीच ओली राहू द्या. मोटारसायकलवर आडवी घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका. ११२ ला फोन करा, गावात पोलीस पाटील असतील तर त्यांना बोलवा. त्यांना ठाण्याला कळवायचं कसं ते माहीत असतं.

फोटो काढा, पण लांबून आणि खड्ड्यासकट. ग्रुपवर टाकू नका. आमच्या चुलतभावाने टाकला आणि तासाभरात वाडीवर चाळीस माणसं जमली.

पंचनामा होताना किती वाजता सापडली, किती खोल होती, कुणी उचलली, आपटली का, सगळं खरं सांगा. आपटल्याचं लपवलं तर तपासणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

बंदूक शंभर वर्षांहून जुनी वाटत असेल तर तसा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा. जमिनीतून निघालेलं लोखंड हवा लागल्यावर अधिक वेगाने खचतं, विशेषतः खारट मातीतलं. त्यामुळे अर्ज पंचनाम्याच्याच दिवशी गेलेला बरा. आमचा तीन आठवड्यांनी गेला. बंदूक अजून मुद्देमाल खोलीत आहे, अर्जाची पोच माझ्या फायलीत आहे, आणि चौथ्या खड्ड्यातल्या कलमाला यंदा दुसरी पालवी फुटली.