हेलिकॉप्टरमधून बलून टाकायच्या टेस्टिंगमध्ये यायचंय? आधी घड्या घालायला शिका

पुण्यात मेकॅनिकल केलं, मास्टर्सला बाहेर आले आणि प्रोजेक्ट मिळाला तो हा, शुक्र-मंगळावर तरंगवायच्या बलूनची इथे पृथ्वीवर चाचणी: हेलिकॉप्टरमधून डबा टाकायचा, पॅराशूट उघडलं की डब्यातून बलून खाली उलगडणार आणि पडता पडताच त्यात हेलियम भरायचं. आई म्हणाली, एवढं शिकून फुगे फुगवतेस?

आता हवेतच का भरायचं, तर शुक्राच्या जमिनीवर ४६० डिग्रीच्या आसपास तापमान, तिथे उतरून कसला फुगा भरताय. १९८५ च्या जूनमध्ये सोव्हिएत व्हेगा १ आणि २ या यानांनी हे करून दाखवलंय, साधारण साडेतीन मीटरचे बलून, ५४ किमीच्या आसपास तरंगत जवळजवळ दोन दिवस डेटा पाठवत होते. तिथे दाब आपल्या निम्मा, पण हवा कार्बन डायऑक्साइडची म्हणजे जड, त्यामुळे तेवढी घनता आपल्याकडे तीनेक किमीवरच मिळते, हेलिकॉप्टर पुरतं. मंगळाची हवा मात्र फार विरळ, त्यासाठी ३० किमीच्या वर जावं लागतं, म्हणून सगळं सामान दुसऱ्या मोठ्या बलूनला लटकवून न्यायचं. हे गणित स्वतः करून बघा, इंटरव्ह्यूत विचारतात.

मला वाटलेलं सिम्युलेशन करायला मिळेल, पहिले दोन महिने नुसत्या घड्या! नऊवारीच्या निऱ्या कशा एकसारख्या पडायला लागतात तसंच, एक जरी तिरकी गेली की उलगडताना तिथेच अडकतं. उलगडून पूर्ण ताणला गेला की जोरात झटका बसतो, त्यासाठी पट्ट्यावर मुद्दाम उसवणारी शिलाई घालतात, टाके तुटत जातात आणि झटका खातात. मला ही आयडिया जाम आवडते, एवढ्या टेक्नॉलॉजीत शेवटी कामाला येतात टाके.

खरी भीती अर्ध्या भरलेल्या फुग्याची. सैल कापड वाऱ्यात फडफडून फाटतं, म्हणून पटकन भरावं तर नळीच्या तोंडाशी कापडावर जोर येतो आणि हळू भरावं तर उंची संपते.

आमचा तिसरा ड्रॉप तोंडापाशीच फाटला. झटक्याने की भरताना? सांगताच येईना, कारण कॅमेऱ्यांची आणि लोड सेलची (पट्ट्यावर किती ताण येतो ते मोजणारा सेन्सर) घड्याळं जुळवायचं काम माझ्याकडे होतं आणि घाईत मी ते विसरले, मग आठवडाभर नुसते वाद. आता ड्रॉपच्या आधी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक एलईडी चमकवतो आणि तोच सिग्नल लोड सेलच्या रेकॉर्डिंगमध्येही घेतो.

भारतात राहून शिकायचं असेल तर टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादचं बलून केंद्र आहे, ते स्वतः बलून बनवतात, आणि आग्र्याचं एडीआरडीई (डीआरडीओची प्रयोगशाळा) पॅराशूट आणि एरोस्टॅट म्हणजे दोराने बांधलेले मोठे बलून दोन्ही करतं, तिथे इंटर्नशिपचं विचारून बघा. शिलाई मशीन चालवता येत असेल तर सीव्हीत लिहा, लाजू नका. आणि पॅकिंग करताना प्रत्येक घडीचा फोटो काढा, फाटलेलं कापड परत आल्यावर कुठली घडी कुठे होती हे कुणालाच आठवत नसतं.