शाखा चुकली असं वाटतंय?

परीक्षेच्या तोंडावर आलेली शंका फारशी मनावर घेऊ नका. त्या दिवसांत कुठलाही विषय नकोसाच वाटतो. सुट्टीतही ती टिकली, तर मात्र नेमकं काय खुपतंय ते शोधा: विषय, की शिकवण्याची पद्धत? शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम काढा आणि त्यातलं एखादं प्रकरण मार्कांचा विचार न करता वाचून पाहा. पहिल्या वर्षी बहुतेक पायाभूत विषयच असतात, शाखेचा खरा चेहरा तिथे दिसत नाही.

मग त्या क्षेत्रात काही वर्षं काम केलेल्या कुणाला तरी गाठा. ‘स्कोप आहे का?’ हे विचारू नका, त्याला ठरावीकच उत्तर मिळतं. ‘काल दिवसभर काय काय केलंत?’ असं विचारा.

शिकलेलं सगळंच वाया जातं असंही नाही. चार्ल्स डार्विनने एडिनबरोतलं वैद्यकीय शिक्षण १८२७ मध्ये अर्धवट सोडलं, पण पक्ष्यांत पेंढा भरण्याचं कसब तो तिथेच शिकला होता आणि पुढे बीगल जहाजावरच्या सफरीत ते कामी आलं.

बदलायचंच ठरलं, तर आधीचे कोणते क्रेडिट नव्या अभ्यासक्रमात धरले जातील, हे प्रवेश रद्द करण्याआधी लेखी घ्या.