सौर पंपाचा अर्ज भरण्याआधी सुतळीने बोअर मोजा

खान्देशात सौर पंपाची तक्रार बहुतेक एकच ऐकू येते: पाणी दुपारीच येतं, तेही बोटभर. मग पॅनेलला शिव्या बसतात. पॅनेल अनेकदा ठीक असतं, चुकलेलं असतं ते हेड, म्हणजे पाणी एकूण किती मीटर उचलायचं याचा आकडा. तो अर्ज आणि पाहणीच्या वेळी ठरतो आणि पंप एकदा बोअरमध्ये उतरला की बदलणं जिकिरीचं होतं.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत क्षमता जमिनीवरून मिळते: अडीच एकरापर्यंत 3 एचपी, त्यापुढे 5 एकरापर्यंत 5 एचपी, त्याहून जास्त असेल तर साडेसात. शेतकऱ्याने भरायचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर होतो. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद हवी, खातं सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं ना-हरकत पत्र हवं. अर्ज अडकतो तो बहुधा याच दोन कागदांवर, तेव्हा तलाठ्याकडची नोंद आधी करून घ्या. पारंपरिक वीजजोडणी असलेल्यांसाठी ही योजना नाही.

आता मोजणी. जमीन बघून एचपी मिळते, पण बोअरला जमिनीशी देणंघेणं नसतं. सुतळीला एक नट बांधा, दर 10 फुटांवर गाठ मारा आणि मे महिन्यात बोअरमध्ये सोडा. सुतळी जिथून ओली निघाली तिथे उभं पाणी. नट बारीकच घ्या, मोठा केसिंगमध्ये अडकतो. नंतर दोन तास उपसा करून पुन्हा मोजा. पंप नसेल तर भाड्याचा जनरेटर आणि पंप लावून एक दिवस काढा, तो खर्च वाया जात नाही. मात्र पंप आत असताना सुतळी केबलला गुंडाळू शकते, तेव्हा हळू सोडा. पावसाळ्यानंतर घेतलेला आकडा निवडीसाठी निरुपयोगी.

समजा बोअर 300 फुटांचा आहे, उपसा चालू असताना पाणी 220 फुटांवर जातं. ते झाले 67 मीटर. ठिबकला लागणारा एक किलोचा दाब म्हणजे आणखी 10 मीटर, फिल्टरमध्ये 4, पाइपच्या घर्षणात 5. एकूण 86. फिल्टर आणि ठिबकचे हे 14 मीटर विसरले जातात आणि कागदावर 70 लिहिलं जातं. पंपाच्या निकषांत 50 मीटर हेडच्या पंपाचं शटऑफ, म्हणजे ज्या उंचीला पाणी थांबतं ती मर्यादा, किमान 70 मीटर असते. 70 च्या पंपाची 100 आणि 100 च्या पंपाची 150. वरच्या उदाहरणात 50 चा पंप बसला तर ठिबकपर्यंत थेंब येणार नाही. 70 चा चालेल, पण फक्त भर दुपारी. मागायचा तो 100 चा.

एवढं करूनही किती बाग भिजेल, तेही काढून ठेवा. 5 एचपीसोबत साधारण 4800 वॅटचे पॅनेल येतात. मेच्या स्वच्छ दिवशी त्यातून 20 ते 22 युनिट धरा. पंप-मोटरमध्ये निम्मी जातात, कामाला उरतात 10. हजार लिटर पाणी 100 मीटर उचलायला पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. म्हणजे 86 मीटरवर दिवसाला 40 हजार लिटरच्या आसपास. केळी 5 बाय 5 फुटांवर असेल तर एकरी सुमारे 1700 झाडं. मेमध्ये झाडाला 20 लिटर धरले तर रोज 34 हजार लिटर. थोडक्यात, खोल बोअरवर 5 एचपीचा सौर पंप मे महिन्यात मृगबागेचा, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीचा, एक एकर सांभाळतो. ती निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली असेल तर त्याहून जास्त मागू नका. पाच एकर केळी त्यावर टाकण्याचं स्वप्न आत्ताच सोडा. कपाशी, हरभऱ्याला हेच पाणी बरंच पुरतं.

साक्री-पारोळ्याकडच्या उघड्या विहिरीवर हिशेब उलटा. 30 मीटर हेडला 5 एचपीचा पंप दिवसाला सव्वा लाख लिटर उपसू शकतो, पण विहिरीला तेवढे झरे नसतात. तिथे 3 एचपी पुरतो. रावेर-यावलच्या खोल बोअरला आधीच वीजजोडणी असेल तर ती सौरच्या नादात सोडू नका. 7.5 एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला एप्रिल 2024 पासून वीजबिल माफ आहे, आणि गावाची वीजवाहिनी (फीडर) सौरवर गेली की पुरवठा दिवसा मिळतो.

संयुक्त पाहणीला स्वतः हजर राहा, घरच्या पोराला पाठवू नका. सही करण्याआधी कागदावर हेडचा आकडा वाचा आणि स्वतःच्या मोजणीची वही दाखवा. हेडचा रकाना कोरा ठेवून सही मागितली तर थांबा.

पॅनेलच्या जागेची निवड. जळगाव 21 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारी बारालाही सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, सकाळी नऊला तिच्या दुपटीहून जास्त. दक्षिण, पूर्व आणि पश्चिमेचा निंब किंवा उंच बाग निदान दुप्पट उंचीच्या अंतरावर हवी. उत्तरेचं झाड त्रास देत नाही. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या रांगेचा प्रवाह घटतो, तोटा त्या एका पॅनेलपुरता राहत नाही. स्ट्रक्चरला कल बदलायची सोय असेल तर हिवाळ्यात 35 अंश, एरवी 20, मेमध्ये 10 ठेवा.

ठिबकचे भाग लहान करा. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एकराला ताशी 13,600 लिटर लागतात आणि या पंपातून दुपारी 7 ते 8 हजारच येतात. पूर्ण एकराचा व्हॉल्व्ह उघडला की दाब बनत नाही आणि शेवटची ओळ कोरडी राहते. एकराचे अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन भाग करा, प्रत्येकी अडीच तास, साडेनऊ ते अडीच. सकाळ-संध्याकाळचं बारीक पाणी टाकीत किंवा शेततळ्यात सोडा. बटन ड्रिपरपेक्षा दाब-नियंत्रित ड्रिपर इथे जास्त उपयोगी.

कंट्रोलर (पॅनेलच्या विजेवर पंप चालवणारी पेटी) बंद पडून ‘ड्राय रन’, म्हणजे पंप कोरडा, असं दाखवत असेल तर बहुधा मोटर बिघडलेली नसते, पाणी खाली गेलेलं असतं. अर्धा तास थांबा, आणि व्हॉल्व्ह थोडा आवळून चालवा. नवा तीन-फेज पंप फिरतो पण पाणी नेहमीच्या अर्ध्यावरही नाही, तर बहुधा तो उलटा फिरतोय: पुरवठा पूर्ण बंद करून तंत्रज्ञाकडून मोटरच्या कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करून घ्या. पॅनेलचे कनेक्टर चालू पंपावर कधीही ओढू नका. डीसी ठिणगी विझत नाही, ती हात भाजते. आधी कंट्रोलर बंद, मग आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच), हा क्रम. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओता, कोरड्या मातीत अर्थिंग निकामी होते.

पॅनेल धुवायचे ते सूर्य उगवायच्या आत. 45 अंशांच्या दुपारी काच 65 च्या पुढे तापते, त्यावर थंड पाणी टाकायचं नाही. साबणपूड नको, मऊ फडकं पुरे. बोअरच्या खारट पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटचं पाणी पुसून घ्या. मार्च ते जून दर पंधरवड्याला हे करा. वावटळीच्या दिवसांआधी स्ट्रक्चरचे नटबोल्ट आवळून घ्या.

वादळात पॅनेल फुटले तर काहीही उचलायच्या आत मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, पॅनेलमागचा अनुक्रमांक दिसेल असा एक जवळून. योजनेत पाच वर्षांची हमी आणि विमा आहे, दावा याच फोटोंवर चालतो. स्ट्रक्चर सरळ करून मग फोटो काढले तर त्यात नुकसान दिसतच नाही.