आंबेनळी घाट उतरताना लाव्हाचे थर कसे मोजावेत

हातोडा घरीच ठेवा. दुर्बीण, उंची दाखवणारा मोबाइल आणि वही-पेन्सिल एवढं पुरे. मी डिसेंबरात जातो. पावसाळ्यात धुक्यापुढे समोरचा डोंगरच दिसत नाही.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे निघालात की माथ्यावर आधी जांभा लागतो. ही तांबडी, भोकाभोकांची टोपी म्हणजे वेगळा लाव्हा नव्हे, खालचाच बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, ऊनपावसात कुजून झालेला आहे. मोजणीत धरू नका.

त्याखाली कडा, गवताळ पट्टा, पुन्हा कडा अशा पायऱ्या. एक थर म्हणजे लाव्हाचा एक प्रवाह. त्याचा मधला भाग हळूहळू निवतो, घट्ट होतो, म्हणून त्याचा कडा उभा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला. पुढे पोकळ्यांत पांढरी खनिजं भरतात. हा मांजऱ्या खडक लवकर झिजतो आणि त्यावर गवत माजतं.

पहिल्या खेपेला मी कडा दिसला की एक प्रवाह, असं धरून सतरा मोजले आणि खूश झालो. सगळं चूक, कारण एकच जाड प्रवाहही दोन-तीन टप्प्यांत झिजतो. आता मी आधी लाल पट्टा शोधतो. जुना प्रवाह बराच काळ उघडा राहिला, त्याच्या माथ्याची किंवा त्यावर पडलेल्या राखेची माती झाली आणि वरून नवा लाव्हा आला, की हा विटकरी थर मागे उरतो. बोट घासलं की रंग लागतो. त्याखाली मांजऱ्या आणि वर, नव्या प्रवाहाच्या तळाशी, पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या सापडल्या तर सीमा पक्की. नळ्या कलल्या असतील तर लाव्हा कुठे वाहत होता त्याचा अंदाज येतो. मात्र प्रत्येक सीमेवर लाल पट्टा असतोच असं नाही. नसेल तिथे मांजऱ्या आणि नळ्यांवरच भागवावं लागतं.

पट्ट्याची उंची लिहा आणि दुर्बिणीने समोरच्या डोंगरावर साधारण त्याच उंचीला बघा. थर जवळपास आडवे असल्याने तो बहुधा तिथेही असतो. सगळे थर उभे कापत जाणारी काळी भिंत दिसली तर ती डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा. तीही मोजायची नाही.

अभ्यासकांनी इथल्या थरांच्या गटांना वरून खाली महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर अशी नावं दिलीत. पण ते रासायनिक घटकांवरून पाडलेत, त्यांच्या सीमा डोळ्यांनी शोधत बसू नका.

आणि हीच रीत घेऊन कसारा घाटात जाऊ नका. तिथे बरेच प्रवाह म्हणजे लाव्हाच्या लहान लहान जिभांची पोत्यांसारखी थप्पी. प्रत्येकीला स्वतःची साल, मध्ये लाल माती नाही. तिथे मी अजून चुकतो.