गिअर नॉब जड करून पाहायचाय? आधी टायरवाल्याकडे जा

गाडीच्या गिअरच्या दांडीवरचा मूळ प्लास्टिकचा नॉब काढून तिथे स्टीलचा भरीव गोळा बसवला की गिअर लोण्यासारखे पडतात, असं गाड्यांचा नाद असलेला एखादा मित्र सांगतोच. त्यातलं अर्धं खरं आहे. जड नॉबने गिअर हलका होत नाही, सलग होतो. या दोन गोष्टींतला फरक हाताला कळला नाही तर पैसे वाया जातात. माझे एकदा गेलेत.

जातं ओढून पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. जड तळीचं जातं सुरू करताना जोर लागतो, पण एकदा फिरायला लागलं की मधेच आलेला दाणा त्याला अडवत नाही. हलकी तळी प्रत्येक दाण्यापाशी अडखळते आणि ते खुंट्यावरच्या हाताला जाणवतं. गिअरच्या दांडीचंही तसंच आहे.

दांडी न्यूट्रलमधून गिअरमध्ये जाताना दोन ठिकाणी अडते. पहिली जागा खाचेची: आत स्प्रिंगने दाबलेली छोटी गोळी खाचेत बसलेली असते, तिला आधी बाहेर काढावं लागतं. दुसरी जागा सिंक्रोनायझरची. तिथे बहुधा पितळेची असलेली कडी गिअरच्या शंकूवर घासते आणि दोघांचा वेग जुळेपर्यंत पुढे जाऊ देत नाही. नॉब हलका असेल तर हे दोन्ही अडथळे जसेच्या तसे तळव्यापर्यंत येतात. जड नॉबच्या अंगात गती साठलेली असते, त्यामुळे बारीक खटके त्या गतीत विरून जातात.

ही मदत किती, तेही पाहा. नॉब सेकंदाला एक मीटर वेगाने सरकतोय असं धरा. १०० ग्रॅमच्या नॉबमध्ये ०.०५ ज्यूल ऊर्जा असते, ४०० ग्रॅमच्यात ०.२. तुमचा हात तीन किलोच्या जोराने सहा सेंटिमीटर ढकलत असेल तर तो एकटाच पावणेदोन ज्यूलच्या आसपास काम करतो. म्हणजे कष्ट हाताचेच राहतात, नॉब फक्त खडे बाजूला सारतो. आणि जितकी वस्तू जड, तितकी ती हलवायला आणि थांबवायला जास्त वेळ घेते. झटक्यात गिअर मारायची सवय असलेल्याला जड नॉब सुस्त वाटू शकतो.

पहिलं काम: तक्रार नक्की कशाची, ते शोधा

सकाळी गाडी थंड असताना एक फेरी मारा, इंजिन तापल्यावर दुसरी. फक्त थंडीत दुसरा गिअर घट्ट जात असेल तर गिअरबॉक्समधलं तेल घट्ट आहे, थोड्या वेळाने आपोआप सुटेल. क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना ‘खर्रर्र’ होत असेल तर क्लच नीट सुटत नाहीये. एखादाच गिअर दरवेळी घासत असेल तर सिंक्रो झिजलाय. या तिन्हींवर नॉब हा उपाय नाही. उलट झिजलेला सिंक्रो जड नॉबखाली काही दिवस लपतो आणि मेस्तरीकडे जायला उशीर होतो. दांडी मुळातच ढिली, चमचा ढवळल्यासारखी फिरत असेल तर तिच्या सांध्यातले बुश (झिजणाऱ्या बारीक नळ्या) बदला. त्याने पडणारा फरक कुठल्याही नॉबपेक्षा मोठा असतो.

सगळं ठीक आहे, फक्त प्रत्येक गिअरला ‘टक्’ असा कोरडा खटका हाताला लागतो, एवढीच तक्रार असेल तर पुढे वाचा.

दुसरं काम: विकत घेण्याआधी वजन उसनं आणा

टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगसाठी चिकटवायच्या वजनांच्या पट्ट्या असतात, अलॉय व्हीलच्या आतल्या बाजूला लावतात त्या. त्यात पाच आणि दहा ग्रॅमचे तुकडे असतात. दोनशे ग्रॅम भरतील एवढे मागून घ्या. काही जण काढलेले जुने तुकडे फुकटही देतात.

आहे त्याच नॉबभोवती पन्नास ग्रॅम लावा आणि वरून इलेक्ट्रिकची टेप घट्ट गुंडाळा. तुकडे नॉबच्या वरच्या अर्ध्या भागात बसवा, कारण वजनाचा परिणाम दांडीच्या सांध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. मानेपाशी लावलेले तेच पन्नास ग्रॅम कमी जाणवतात. रिव्हर्ससाठी उचलायची कडी असेल तर ती मोकळी ठेवा.

मग रोजच्या रस्त्याने दोन दिवस चालवा. पुढे शंभर, दीडशे, दोनशे असं वाढवत जा. माझ्या गाडीत शंभरला फरक कळला, दीडशेला आवडला आणि दोनशेला खड्ड्यांतून दांडी स्वतःहून डुलू लागली. तुमचा आकडा वेगळा येईल. दिसायला हे ध्यान दिसतं, शेजारी बसलेला विचारतोच. पण चारशे ग्रॅमचा गोळा मागवून तो कपाटात टाकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

या चाचणीत एक गोष्ट मुद्दाम पाहा. तिसऱ्या गिअरमध्ये खराब रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडा आणि दांडी हलते का, गिअर सुटतो का, ते बघा. गिअर एकदा जरी सुटला तर सगळं वजन काढा आणि गाडी दाखवून घ्या.

स्विफ्ट, आय-२० यांसारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत दांडी केबलने गिअरबॉक्सला जोडलेली असते. अशा बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला लोखंडाचं वजन लावलेलं असतं. जे काम आपण नॉबकडून मागतो, ते तिथे आधीच चाललेलं असतं, म्हणून वरून वजन वाढवून फारसा फरक पडत नाही. थार, जिमनीसारख्यांची दांडी थेट गिअरबॉक्समधून वर येते आणि इंजिनाबरोबर थरथरते. तिथे वजनाने थरथर कधी कमी होते, कधी वेगळ्याच आरपीएमला सुरू होते. करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसरं काम: धातू आणि उंची ठरवा

पन्नास मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा धरला तर आट्यांचं भोक वजा करून साधारण वजन असं भरतं: इंजिनिअरिंग प्लास्टिक ९० ग्रॅम, ॲल्युमिनियम १७० ते १७५, टायटॅनियम २८५ ते २९०, स्टील ५००, पितळ ५४०. जाहिरातीत फक्त ‘मेटल’ लिहिलं असेल तर ते बहुधा ॲल्युमिनियम. चकाकतं, पण फार जड नसतं. वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं नसेल तर विचारा.

उंचीकडे कोणी बघत नाही आणि घोळ तिथेच होतो. सांध्यापासून नॉबपर्यंत २०० मिलिमीटर दांडी आहे आणि नवा नॉब हात २० मिलिमीटर वर नेतो, असं समजा. जोर नऊ टक्क्यांनी कमी लागेल, पण हाताचा प्रवास दहा टक्क्यांनी वाढेल. नॉब बुटका घेतला तर उलटं: प्रवास छोटा, जोर जास्त. ‘जड नॉबने गिअर हलका झाला’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा नॉब मुळात उंच असतो, श्रेय मात्र वजनाला जातं. वजनाचा परिणाम पाहायचा असेल तर उंची मूळ नॉबएवढीच ठेवा.

चौथं काम: बसवणं

आधी मूळ नॉब कसा निघतो ते पाहा. फिरवून निघणारा असेल तर हातानेच फिरवा, पान्हा लावलात तर फडक्यावरून लावा. काही गाड्यांत नॉब वर खेचून काढावा लागतो आणि तो अचानक सुटतो. तेव्हा तोंड दांडीच्या वर नको, नाकावर बसतो.

आटे मोजायची सोपी पद्धत म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून नट आणून लावून बघणं. होंडामध्ये सहसा १० मिमी व्यास आणि १.५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) असतो, निस्सान आणि माझदात १० आणि १.२५, टोयोटा आणि सुबारूत १२ आणि १.२५. साध्या दुकानी नटांचा पिच १० मिमीला १.५ आणि १२ मिमीला १.७५ असतो, म्हणून १.२५ हवा असेल तर ‘बारीक आट्यांचा’ असं सांगून मागा. योग्य नट बोटांनी चार-पाच वेढे सहज जातो. दुसऱ्या वेढ्याला अडला तर जोर करू नका, आटे मरतील.

माझे पैसे गेले ते याच पायरीला. ‘सगळ्या गाड्यांना चालणारा’ म्हणून घेतलेला नॉब तीन बारीक ॲलन स्क्रूंवर आणि प्लास्टिकच्या नळीवर उभा होता. पंधरा दिवसांत खंबाटकी घाटात तो हातात फिरायला लागला. पाचशे ग्रॅमचा लोखंडी गोळा गाडीत सुटा नकोच. थेट आट्यांवर बसणारा नॉब घ्या आणि खाली लॉकनट लावा.

रिव्हर्ससाठी कडी उचलावी लागत असेल किंवा नॉब खाली दाबावा लागत असेल, तर नवा नॉब ते करू देतो का हे गाडी उभी असतानाच तपासा. सगळे गिअर एकदा टाकून बघा. पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये नॉब डॅशबोर्डला किंवा कपहोल्डरला टेकतो का, तेही.

त्यानंतर हाताची सवय

जड नॉब ढकलायचा नसतो, निघाला की त्याच्याबरोबर जायचं असतं. तळवा घट्ट न आवळता बोटांनी धरा. गिअर पडला की हात स्टिअरिंगवर परत न्या, कारण दांडीवर विसावलेला हात गिअर सरकवणाऱ्या आतल्या फोर्कला सतत दाबत राहतो.

विदर्भ-खानदेशात राहत असाल तर एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतला उघडा स्टीलचा गोळा तवा होतो. चामड्याचं आवरण असलेला घ्या, नाहीतर गाडी लावताना त्यावर जुना मोजा चढवा.